जुन्या नौकेला नवे इंजिन, की नवी नौका?



जुन्या मासेमारी नौकेचे इंजिन थकले की प्रश्न इंजिनाचा वाटतो. निर्णय मात्र नौकेच्या अंगावर ठरतो. इंजिन विकत मिळते, बसवता येते, पुढे काढून दुसऱ्या नौकेत घालताही येते. पठाण, म्हणजे तळाचा कणा, वाकलेली नौका कोणतेही इंजिन सावरू शकत नाही. म्हणून आधी लाकूड तपासावे, मग इंजिन, आणि हिशेब शेवटी मांडावा. बरेच नाखवे विक्रेत्याचा दर आधी विचारतात. दर एकदा डोक्यात बसला की सुताराचे म्हणणे कानात शिरत नाही.

लाकडाची तपासणी नौका किनाऱ्यावर ओढून सुकल्यावरच खरी होते. पठाणाच्या दोन टोकांमध्ये दोरी ताणून पाहिली की मधला भाग वर उचलला गेला आहे का ते कळते. तसा बाक आलेल्या नौकेत शाफ्ट सरळ रेषेत राहत नाही आणि नवे गिअरबॉक्सही लवकर खराब होते. फळ्यांवर हातोडीने ठोकत जावे: निरोगी लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले बद्द. लोखंडी खिळ्यांभोवती लाकूड काळे आणि मऊ पडले असेल तर फळीची पकड गेलेली असते. खारे पाणी लाकडाला कुजण्यापासून बरेच वाचवते. खरा घात पावसाचे पाणी करते. त्यामुळे तळाइतकेच लक्ष डेकखालच्या तुळयांकडे, कोपऱ्यांकडे आणि इंजिनघराच्या छपराखाली द्यावे लागते. पाण्याखालच्या भागात लाकूड पोखरणाऱ्या किड्याचे भोक बाहेरून टाचणीच्या टोकाएवढे असते आणि आत फळी पोकळ झालेली असते. लाकडावर फायबरचे आवरण चढवले असेल तर हे सगळे झाकले जाते. तिथे संशयाच्या जागी आवरण कापूनच पाहावे. पूर्ण फायबरच्या नौकेत इंजिनाच्या बेडमध्ये बहुधा लाकूड भरलेले असते. तिथे बारीक भोक पाडल्यावर ओला भुसा आला तर बेड गेला असे समजावे.

पठाण, फासळ्या आणि बेड शाबूत असतील व थोड्या फळ्याच बदलायच्या असतील, तर त्या नौकेवर इंजिनाचा खर्च करणे योग्य ठरते. फासळ्यांच्या ओळीच बदलायची वेळ आली असेल तर तो पैसा वाया जातो. या बाबतीत भावनेला थारा नसावा, नौका वडिलांच्या हातची असली तरी.

आता इंजिन. काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त, किंवा पंखा, म्हणजे प्रोपेलर, इंजिनाला जड. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर डिझेल नीट जळत नाही किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरते आहे. ब्रीदरमधून जोराने वाफा येत असतील तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. ब्लॉक आणि क्रँकशाफ्ट चांगले असतील तर लायनर, पिस्टन, बेअरिंग आणि इंजेक्टर बदलून जुने इंजिन पुन्हा कामाला लागते, आणि हा तिसरा मार्ग अनेकदा सर्वांत शहाणपणाचा असतो. ब्लॉक आतून खाऱ्या पाण्याने खाल्ला असेल किंवा सुटे भाग मिळेनासे झाले असतील तर तो मार्ग बंद होतो. नवे घेताना बंदरात ज्याचे भाग आणि मिस्त्री मिळतात तेच घ्यावे. अशोक लेलँडची ट्रकच्या जातीची इंजिने किनाऱ्यावर टिकून आहेत, त्याचे हेही एक कारण आहे.

सर्वांत महाग चूक जास्त अश्वशक्तीची. पाणी कापत चालणाऱ्या जड नौकेचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्याच्या रेषेवर ३६ फूट लांबी असलेली नौका सुमारे ८ नॉटपर्यंत सुखाने जाते. त्यापुढे कितीही ताकद लावली तरी मागची बाजू खाली बसते, लाट मोठी उठते आणि डिझेल जळते. लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग १० टक्के कमी केला तर ताकद जवळजवळ २७ टक्के कमी लागते. १०० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरावर तासाला साधारण १८ ते २० लिटर डिझेल पिते. जाळे ओढायला जोर लागतो हे खरे, पण तो जोर कमी फेऱ्यांवर फिरणारा मोठा पंखा आणि योग्य प्रमाणाचे गिअरबॉक्स देते. म्हणून इंजिन, गिअरबॉक्स आणि पंखा एकत्र निवडावे. जुना पंखा नव्या इंजिनाला चालेलच असे नाही.

खर्च मांडताना इंजिनाच्या किमतीत गिअरबॉक्स, शाफ्ट, पंखा, बेडची दुरुस्ती, धुराची नळी, वायरिंग, ओढणावळ आणि मजुरी धरावी. जुनी नौका विकताना नव्या इंजिनाची पूर्ण किंमत परत येत नाही. ते इंजिन वापरूनच वसूल करायचे असते.

नवी नौका बांधायची तर आधी मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत खोल समुद्रातल्या नौकांसाठी ठरलेल्या खर्चावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के अनुदान ठेवले गेले. बाकीचे कर्ज मात्र मासळी नसलेल्या महिन्यांतही फेडावे लागते. जुन्या नौकेत इंजिन बदलले तरी नव्या इंजिनाची नोंद नौकेच्या कागदपत्रांत करून घ्यावी. डिझेलचा परतावा आणि विमा, दोन्ही याच कागदांवर अडतात.

हिशेबाच्या वहीत न बसणारी एक गोष्ट खलाशांच्या जिवाची आहे. शीड गेल्यापासून इंजिन बंद पडलेल्या नौकेला दुसरा आधार उरलेला नाही. शंका असलेले इंजिन एका हंगामासाठी चालवून घेणे ही बचत नव्हे, आणि तो धोका नौका चालवणाऱ्या तांडेलावर ढकलण्याचा अधिकार मालकाला नाही.

काम बसते ते १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत. इंजिन मार्च-एप्रिलमध्ये ठरवले तर नौका शाकारून होईपर्यंत ते हाती येते. बेड आणि शाफ्टचे काम किनाऱ्यावर होते, पण कपलिंगची अंतिम जुळणी नौका पाण्यात उतरवून दोन दिवसांनी करावी, कारण फळ्या फुगल्यावर तिचे अंग बदलते. ६ इंची कपलिंगच्या दोन तोंडांमधल्या फटीत वरखाली किंवा डावीउजवीकडे ०.१५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा. नारळी पौर्णिमेनंतरच्या चाचणीत भरलेल्या नौकेने पूर्ण जोरावर इंजिनाच्या ठरलेल्या फेऱ्या गाठल्या पाहिजेत. त्या गाठत नसतील आणि धूर काळा असेल, तर पंखा उतरवून त्याचा पिच, म्हणजे पात्यांचा तिरपेपणा, कमी करून घ्यावा आणि मगच पहिल्या खेपेला निघावे.