शुक्रवारच्या सहीआधी

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, रात्री

चि. सोनूस,


दुपारी तुझ्या आईचा फोन आला. खाजगी कॉलेजात मेडिकल असिस्टंटच्या दोन वर्षांच्या डिग्रीला तू नाव घातलंस, तीस हजार डॉलरचं कर्ज काढते आहेस आणि शुक्रवारी सही आहे, असं म्हणाली. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. मला एकदा विचारावंसं वाटलं नाही तुला? क्लिनिकच्या फ्रंट डेस्कवर इतकी वर्षं बसते मी. रोज मेडिकल असिस्टंट मुलींबरोबरच डबा खाते.

त्यातली एक काउंटी कॉलेजचं सर्टिफिकेट करून आली, दुसरी दोन वर्षांची डिग्री घेऊन. दोघी बीपी घेतात, रक्त काढतात, ईसीजी करतात. पगार सारखाच. फरक एवढाच, की दुसरीच्या पगारातून दर महिन्याला हप्ता जातो. या कामाला डिग्री लागतच नाही, बाळा. देशभरातल्या मेडिकल असिस्टंटांचा मधला पगार 2024 मध्ये वर्षाला 44,200 डॉलर होता. नवख्या मुलीला त्याहून कमीच मिळतो, आणि त्यातून टॅक्स, गाडी, विमा. तीस हजारांवर साडेसहा टक्के व्याज धरलं, तर दहा वर्षं महिन्याला 340 डॉलर भरशील. एकूण जवळजवळ 41 हजार. वर्षाचा अख्खा पगार!

आणि हे कर्ज तुझ्या एकटीचं राहणार नाही. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलीला पहिल्या वर्षी सरकारी कर्ज 5,500 डॉलरपर्यंतच मिळतं. उरलेल्यासाठी खाजगी कर्ज काढायचं म्हटलं, की बाबांना जामीन म्हणून सही करायला लावतात. या वयात ते गोदामात रात्रपाळी करतात, ठाऊक आहे ना? दिवाळखोरी जाहीर केली तरी विद्यार्थी कर्ज सहसा सुटत नाही. तुमचा अर्ज मी भरला होता. भावंडांच्या रांगेत वर्षानुवर्षं थांबून तुम्ही इथे आलात. कर्जात बुडायला बोलावलं का मी तुम्हाला?

कॉलेजवाले गोड बोलतात. कोरिंथियन नावाची मोठी कंपनी होती, तिच्या एव्हरेस्ट कॉलेजांत हाच कोर्स चालायचा. एप्रिल 2015 मध्ये तिने उरलेली कॉलेजं एका फटक्यात बंद केली. सरकारने तिच्या 5 लाख 60 हजार विद्यार्थ्यांचं कर्ज माफ केलं, पण 2022 मध्ये. तोवर त्या मुलांनी काय सोसलं असेल! तुझं कॉलेज तसंच आहे असं मी म्हणत नाही. पण सरकारच्या कॉलेज स्कोअरकार्डवर त्याचं नाव टाकून बघ. तिथून शिकलेल्यांचं कर्ज किती आणि कमाई किती, दोन्ही कळतं. कोर्सला सीएएएचईपी किंवा एबीएचईएसची मान्यता आहे का, तेही विचार. मेडिकल असिस्टंटच्या सीएमए परीक्षेचा सरळ रस्ता अशा मान्यतेच्या कोर्समधूनच जातो. आणि तिथले क्रेडिट्स पुढे नर्सिंगला चालतील का, हे लेखी माग. तोंडी ‘हो’वर सही करू नकोस.

फार रागावले का? तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं गं. आजीच्या पायाची जखम तू धुवायचीस, तेव्हा तू जेमतेम दहावीत होतीस. घरात बाकी कुणाला बघवत नव्हतं. मलाही मिरजेला नर्सिंगला जायचं होतं. अण्णा म्हणाले, मुलीच्या जातीला रात्रपाळ्या नकोत. बी.कॉम. झाले. तुझी आई तेव्हा फ्रॉकमध्ये होती, तिला हे माहीतही नसेल. अजूनही एखादी नर्स पहिल्या झटक्यात शीर शोधते, तेव्हा मी काम सोडून बघत राहते. म्हणून तुला या कामापासून परत फिर असं मी कधीच म्हणणार नाही.

एवढंच म्हणते, स्वस्तात शिरकाव कर. सरकारी मदतीसाठीचा फाफ्साचा फॉर्म भर, पेल ग्रँट मिळू शकेल. घरची मिळकत 65 हजारांच्या आत असली, तर न्यू जर्सीत काउंटी कॉलेजची फीही बहुधा माफ होते. आधी सर्टिफिकेट, मग नोकरी करता करता नर्सिंग. नर्सचा मधला पगार 2024 मध्ये वर्षाला 93,600 डॉलर होता. कर्ज काढायचंच असेल तर तेव्हा काढ, ते फिटेल.

गुरुवारी माझी सुट्टी आहे. काउंटीच्या मिडलसेक्स कॉलेजात दोघी जाऊ, काउन्सेलरला भेटू. बाबांशी मी बोलते, तू ते ओझं घेऊ नकोस. पुस्तकांना, युनिफॉर्मला, बसच्या पासला पैसे लागतील, ते माझ्याकडून घे. परत करायचे नाहीत. जेवलीस का, झोपलीस का, हे मी रोज विचारत नाही, पण मनात असतं. तुला भीती वाटत असेल तर रात्री कितीही वाजता फोन कर, मी उचलेन.

तुझी,
मावशी