एका संताची आई : क्लोटिल्ड फ्वाझी

(कुटुंबांसाठी अभ्यासपाठ. वाचन : तीमथ्याला दुसरे पत्र १:३-७)



वरील वाचनात दोन स्त्रियांची नावे येतात : लोईस आणि युनिके. एक तीमथ्याची आजी, दुसरी त्याची आई. संत पौल त्यांच्याविषयी फार काही लिहीत नाही. तीमथ्याच्या ठायी जो विश्वास आहे तो आधी या दोघींच्या ठायी होता, एवढेच तो सांगतो. त्या काय रांधत होत्या, किती मुले वाढवली, कोणते दुःख सोसले, याचा पत्रात पत्ता नाही. संतांच्या चरित्रांतही बहुधा असेच होते. आईला सुरुवातीच्या दोन ओळी मिळतात आणि मग ती नाहीशी होते. आज आपण एका संताच्या आईकडे थोडे थांबून पाहू या.

१७ ऑक्टोबर २०१० रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी रोममध्ये ब्रदर आंद्रे यांना संतपद बहाल केले. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात होली क्रॉस संघाच्या एका शाळेत ते सुमारे चाळीस वर्षे दारवान होते. संत योसेफवरील त्यांच्या भक्तीतून माउंट रॉयलच्या उतारावर आजचे भव्य मंदिर उभे राहिले. त्यांचे मूळ नाव आल्फ्रेड बेसेत आणि त्यांच्या आईचे नाव क्लोटिल्ड फ्वाझी.

तुम्ही विचाराल, आईचे आडनाव वेगळे कसे? फ्रेंच कॅनडात धर्मग्रामाच्या नोंदवहीत स्त्रीचे माहेरचेच नाव लिहिण्याची रीत होती. बाप्तिस्मा, विवाह, दफन, तिन्ही नोंदींत ती माहेरच्या नावानेच सापडते. त्या काळी सरकारी नोंद म्हणजे धर्मगुरूंची हीच वही. त्यामुळे आजही तिथली माणसे आपल्या पणजीच्या पणजीचे माहेर शोधून काढू शकतात. १९८१ पासून क्विबेकच्या कायद्यानेही लग्नानंतर स्त्रीचे नाव तेच राहते. आपल्याकडे किती जणांना आपल्या आजीचे माहेरचे आडनाव ठाऊक आहे?

क्लोटिल्डचा संसार मॉन्ट्रियलच्या आग्नेयेकडील सें-ग्रेग्वार या शेतकरी वस्तीत होता. पती इझाक सुतारकाम करीत. त्या मुलखात जमिनी नदीपासून मागे जाणाऱ्या अरुंद, लांबलचक पट्ट्यांत वाटलेल्या असत आणि घरे रस्त्याच्या कडेने एकापुढे एक. अशा वस्तीला फ्रेंचमध्ये 'रां' म्हणतात. योगायोगाने तो शब्द आपल्या 'रांगे'शी जुळतो! शेजारी हाकेच्या अंतरावर, पण चर्च मात्र पुष्कळदा कित्येक मैल दूर. शेतकरी आपल्या धान्याचा सव्विसावा भाग धर्मगुरूंना देत असे.

बाईचे वर्ष ऋतूंप्रमाणे चाले. मार्चमध्ये रात्री हिमाच्या आणि दिवस उबदार झाले की मॅपल झाडांचा रस वाहू लागे. साधारण चाळीस लिटर रस आटवला तर एक लिटर पाक हाती लागतो, म्हणजे चूल रात्रंदिवस पेटती ठेवायची. मग भाजीचा मळा, कोंबड्या, दूध-लोणी, गवतकापणी. घराबाहेरच्या मातीच्या भट्टीत पाव भाजायचे. चरबी आणि राखेच्या पाण्यापासून साबण करायचा. मेंढ्यांची लोकर कातायची, जुने कपडे फाडून त्यांच्या पट्ट्यांचे जाड पांघरूण विणायचे. डिसेंबरात थंडी पक्की झाली की डुक्कर कापायचे, कारण बर्फातच मांस टिके. या सगळ्यात दर दीड-दोन वर्षांनी एक बाळंतपण.

आल्फ्रेड हे तिचे आठवे अपत्य, जन्म ९ ऑगस्ट १८४५. बाळ इतके अशक्त होते की ते जगेल असे कोणाला वाटेना. म्हणून घरीच घाईने त्याच्या डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा दिला गेला आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये सशर्त बाप्तिस्मा झाला. इथे एक शिकवण लक्षात ठेवण्यासारखी आहे. जीव धोक्यात असेल तेव्हा योग्य हेतू बाळगून कोणीही व्यक्ती पाणी ओतून पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकते (कॅथलिक धर्मशिकवण, परिच्छेद १२५६). फ्रेंच कॅनडात सुईणीला हे नीट येते की नाही याची धर्मगुरू खात्री करून घेत. अठराव्या शतकात तिथे चारांपैकी सुमारे एक मूल वर्षाच्या आत दगावत असे. क्लोटिल्डचीही काही मुले तान्हेपणीच गेली.

१८४९ मध्ये कामाच्या शोधात कुटुंब फार्नहॅमला आले. इझाक जंगलात लाकूडतोडीचे काम करू लागले. २० फेब्रुवारी १८५५ रोजी तोडले जाणारे झाड त्यांच्या अंगावर पडले आणि ते गतप्राण झाले. क्लोटिल्ड तेव्हा जेमतेम चाळिशीची होती, पदरी मुलांचा मोठा मेळा.

विधवेने दोन वर्षे कशीबशी काढली. मग तिला क्षय झाला. क्षयाचे जंतू डॉ. कॉख यांनी १८८२ मध्ये शोधले, खरे औषध तर १९४० च्या दशकात आले. म्हणजे हिच्यासाठी काहीच नव्हते. मुलांना नातेवाइकांकडे वाटून द्यावे लागले. अंगाने दुबळ्या आल्फ्रेडला मात्र तिने आपल्याजवळ ठेवले, असे चरित्रकार सांगतात. २० नोव्हेंबर १८५७ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ती गेली. बारा वर्षांचा आल्फ्रेड सें-सेझेर गावी मावशी रोझालीच्या घरी वाढला.

मुलांची अशी वाटणी करणाऱ्या आईला आपण काय म्हणावे? आपल्याकडे कुजबूज झाली असती : "पोरं टाकली हो तिने." मला वाटते, प्रत्येक मुलाला कोणाच्या घरी ताटली मिळेल हे आपण जिवंत असेपर्यंत ठरवणे, हे तिचे शेवटचे मातृकर्तव्य होते. तिला दुसरा मार्ग नव्हता. गरिबीचे गोडवे गाण्यासारखे त्यात काही नाही. आपल्या धर्मग्रामातही अकाली विधवा झालेल्या भगिनी आहेत. प्रार्थनेत त्यांची नावे घेऊन आपण घरी जातो, शाळेच्या फीचे कोण बघणार हे विचारायचे राहून जाते.

ब्रदर आंद्रे उतारवयात आईविषयी बोलत. मी इतरांपेक्षा अशक्त म्हणून तिने माझे जास्त लाड केले, असे ते सांगत. संध्याकाळी सारे घर जपमाळेला गुडघे टेकी, तेव्हा ते आईला खेटून बसत आणि तिच्याच माळेच्या मण्यांवरून बोटे फिरवीत. आईच्या आत्म्यासाठी आपण क्वचितच प्रार्थना केली, उलट तिच्याकडेच पुष्कळदा मागणे मागितले, असेही त्यांचे म्हणणे होते. शाळा त्यांना फारशी लाभली नाही, लिहिता-वाचता जेमतेमच येई. संत योसेफ १६२४ पासून कॅनडाचे आश्रयदाते आहेत. त्या भक्तीची पहिली शिकवण कोणत्या पुस्तकातून आली नसणार, हे उघड आहे. ६ जानेवारी १९३७ रोजी ते एक्क्याण्णव वर्षांचे होऊन वारले, तेव्हा कडाक्याच्या थंडीत लाखो लोक अंत्यदर्शनाला रांगेत उभे होते.

जपमाळ घरापुरतीच नव्हती. चर्च दूर असल्याने वस्तीच्या रस्त्याकडेला उंच लाकडी क्रूस उभारत आणि मे महिन्यात संध्याकाळी शेजारीपाजारी तिथे जमून पवित्र मरियेची प्रार्थना करीत. असे अडीच हजारांहून अधिक क्रूस क्विबेकमध्ये विसाव्या शतकातही उभे होते. आपल्या गावच्या क्रुसाजवळ मे महिन्यात जमणाऱ्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

मात्र या चित्राची दुसरी बाजू झाकू नये. विसाव्या शतकात वाढलेल्या अनेक क्विबेकी आज्यांनी सांगितले आहे की, नवे बाळ झाले नाही तर पापनिवेदनात त्यांना जाब विचारला जाई. क्विबेकमध्ये प्रांतिक निवडणुकीत स्त्रियांना मतदानाचा हक्क १९४० मध्ये मिळाला आणि विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने कायदेशीर व्यवहार करण्याची मोकळीक १९६४ मध्ये. १९६० च्या सुमारास तिथे एका स्त्रीला सरासरी चारच्या जवळपास मुले होत. दहा वर्षांत ते प्रमाण दोनवर आले. त्याच काळात चर्चेसही ओस पडू लागली. अनेकांनी जपमाळ आणि जाब, दोन्ही एकाच वेळी सोडून दिले. क्लोटिल्डने मुलाला माळेचे टोक हाती दिले होते, दरडावले नव्हते. त्या दोन गोष्टींतला फरक आम्हा शिकवणाऱ्यांनाही नेहमी कळतो असे नाही.

लहान ख्रिस्ती समूहाच्या येत्या सभेत वाचनानंतर प्रत्येकाने आपल्या आईची आई आणि वडिलांची आई, दोघींची माहेरच्या आडनावासह नावे कागदावर लिहावीत. ठाऊक नसल्यास घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. तेही नसतील तर चर्चच्या कार्यालयातील जुन्या विवाहनोंदी पाहता येतील का, अशी चौकशी करावी. नंतर त्या नावांसाठी जपमाळेचा एक दशक म्हणावा. लहान मुलांना मोठ्यांच्या शेजारी बसवावे, आणि माळ एकच घ्यावी.