दुसऱ्याच्या पंक्तीला बसताना

शास्त्रपाठ : लेवीय ११, दानीएल १:८-१६, प्रेषितांची कृत्ये १०:९-२९, १ करिंथ १०:२३-३३, गलती २:११-१४
पाठांतरासाठी : १ करिंथ १०:३१



सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर मन्नाएखेळ्ळीच्या बाजूला एखाद्या ढाब्यावर आपण जेवायला बसतो. एकजण मटण मागवतो, दुसरा वरणभात. तिसरा विचारतो, “भाजीची पळी निराळी आहे ना?” आपण त्याला हसतो. आजचा पाठ या तिसऱ्या माणसाविषयी आहे.

आपल्याच भाषेचे बेने इस्राएल लोक शेकडो वर्षे कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांत राहिले. ते तेलाचे घाणे चालवीत व शब्बाथ पाळीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्यात अशी परंपरा सांगतात की, दावीद रहाबी नावाच्या यहूदी गृहस्थाने त्यांच्या स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी खवले नसलेले मासे बाजूला काढले, तेव्हा हे आपलेच लोक अशी त्याची खात्री पटली. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएल देशास गेली. थोडी मुंबई, ठाणे, पुणे व रायगड येथे आहेत.

त्यांच्या धर्मनियमास मान्य अशा अन्नाला ‘कोशेर’ म्हणतात. खूर दुभंगलेले असून रवंथ करणारे पशू, तसेच पर व खवले असलेले मासे चालतात. मांस रीतीप्रमाणे कापलेले व रक्त काढलेले असावे लागते. मांस व दूध एका जेवणात घेत नाहीत, म्हणून मटणाच्या रश्शात नारळाचे दूध घालतात. आता साध्या हॉटेलात अशा माणसाने काय करावे? तेथील मांस त्याला चालत नाही. खवल्याचा मासा असला तरी तो कोळंबीच्याच तव्यावर तळलेला असू शकतो. म्हणून पुष्कळजण शाकाहारी हॉटेल शोधतात. अधिक कडक पाळणारे फळे खातात किंवा घरचा डबा सोडतात.

दानीएलाने बाबेलात असेच केले. राजाचे अन्न त्याने घेतले नाही. पण त्याने ताट ढकलले नाही की सेवकास दोष दिला नाही. त्याने नम्रपणे विनंती केली आणि दहा दिवस शाकभाजी व पाणी यांवर पारख करून पाहण्यास सांगितले.

आपण ख्रिस्ती लोक या नियमांखाली नाही. यापो येथील दृष्टान्तात पेत्राला हे दाखवण्यात आले. परंतु कर्नेल्याच्या घरी पोहोचल्यावर पेत्राने त्याचा अर्थ माणसांना लावला : कोणाही मनुष्याला अशुद्ध म्हणू नये. पुढे अंत्युखियात तोच पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून उठला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला. ताटातील एखादा पदार्थ नाकारणे वेगळे आणि शेजारी बसलेल्या माणसाला नाकारणे वेगळे.

हा भेद आपल्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांनी हॉटेलाबाहेर उभे राहून निराळ्या कपात चहा घेतला आहे. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५ व १७ व्या कलमांनी असा भेद बेकायदा ठरवला. तरीही मंडळीतील एखाद्या लग्नात, ‘त्यांच्या घरचे कोण जेवणार’ असे म्हणून कोणी हळूच निघून जातो काय? तसे असेल, तर त्या दिवशी अंत्युखिया आपल्याच गावात आहे.

उलट, आग्रह ही आपली जुनी रीत आहे. पण आग्रहानेही माणूस अडखळतो. पौल मूर्तीच्या नैवेद्याविषयी लिहितो की खाण्याची मोकळीक असली तरी दुसऱ्याच्या सद्सद्विवेकबुद्धीसाठी ती सोडावी. म्हणून प्रीतिभोजनात भाजीचे पातेले व पळी वेगळी ठेवा. पाहुण्याला काय चालते ते आधी विचारा. तो “नको” म्हणाला तर कारण विचारून त्याला लाजवू नका. त्याने नुसते केळे खाल्ले, तरी तो आपल्या पंक्तीला बसला, यात आनंद माना.

विचार करण्यासाठी :
१. दानीएलाने आपला नकार कोणत्या रीतीने सांगितला?
२. आपल्या घरच्या जेवणाला कोणाला कधीच बोलावले नाही? का?
३. या महिन्यात आपण कोणाच्या घरी जाऊन पंक्तीला बसू?