अज्ञान, नफ्स आणि सावकाराची वही

वाचकहो, माणूस वाईट का वागतो? अथेन्सचा सॉक्रेटिस, ज्याला इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये विषाचा प्याला देण्यात आला, या प्रश्नाचे एकच उत्तर देत असे: अज्ञानामुळे. वाईट आहे हे ओळखून कोणीही ते पत्करत नाही. त्यात आपले हित आहे असे समजूनच तो ते करतो. त्याचा शिष्य अफलातून (प्लेटो) याने ‘प्रोटॅगोरस’ या संवादात हे मत सविस्तर मांडले आहे. अरस्तूला मात्र ते पटले नाही. माणसाला कळते आणि तरीही तो वासनेपुढे नमतो, हे तर रोज दिसते, असे तो म्हणतो. अशा वेळी त्याचे ज्ञान मद्यप्याच्या किंवा झोपलेल्याच्या ज्ञानासारखे असते. ते असते, पण कामास येत नाही. नीतिशास्त्रावरील त्याचा हा ग्रंथ तिसऱ्या हिजरी शतकात अरबीत आला, आणि मिस्कवैह (मृत्यू हि. ४२१) यांनी ‘तहजीबुल अखलाक’ लिहिताना त्याचा मोठा उपयोग केला.

हा वाद केवळ ग्रंथांतला नाही. तलासरी-डहाणूच्या जंगलपट्टीत वारली माणूस लग्नासाठी थोडे कर्ज काढी आणि ते फेडण्यासाठी सहकुटुंब जमीनदाराकडे राबे. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. वहीत काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नसे. तो अंगठा उठवी. २३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ न करण्याचे व दिवसाला बारा आणे मजुरीशिवाय कामावर न जाण्याचे त्यांनी ठरविले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ही हकिकत आली आहे.

आता विचारा, येथे अज्ञानी कोण? अक्षर न जाणणारा वारली, की अक्षर जाणून त्याच अक्षराने त्याला बांधणारा सावकार? सॉक्रेटिसच्या मते सावकारच. कारण दुसऱ्यावर अन्याय करणारा आधी स्वतःचा आत्मा बिघडवतो, हेच त्याला कळले नव्हते. परंतु सावकाराला ‘बिचारा अज्ञानी’ म्हणून सोडून द्यायचे काय? सॉक्रेटिसचे म्हणणे येथे अपुरे वाटते.

सूरह निसाच्या १७व्या आयतीत ‘जहालत’मुळे पाप करून लवकर परतणाऱ्यांची तौबा स्वीकारण्याचा उल्लेख आहे. मुजाहिद (रह.) यांनी त्याचा अर्थ असा सांगितला की अल्लाहची अवज्ञा करणारा, मग तो जाणूनबुजून करो वा चुकून, ती सोडेपर्यंत जाहिलच असतो. म्हणजे ‘जहालत’ हा शब्द माहितीच्या अभावापुरता नाही. उलट सूरह जासियाच्या २३व्या आयतीत, आपल्या इच्छेलाच ईश्वर बनविणारा ज्ञान असूनही भरकटतो, असे सांगितले आहे. अरस्तूची शंका येथे मान्य होते, पण त्याच्या निद्रिस्ताला मिळू शकणारी सबब मिळत नाही.

आणि वहीचे काय? कुरआनची सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२वी, कर्जाच्या लेखाविषयीच आहे. मजकूर कर्ज घेणाऱ्याने सांगावा, देणाऱ्याने नव्हे. तो असमर्थ असेल तर त्याच्या वलीने न्यायाने सांगावा. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत, आणि रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नये. बाजारात उधारीचे खाते ठेवणाऱ्या आपल्या बांधवांनी ही आयत अर्थासह वाचावी, आणि निरक्षर ग्राहकाला त्याच्या नावावरील रक्कम त्याच्या घरच्या कोणासमोर वाचून दाखवावी.