टपावरचं ओझं

अकोले तालुक्यात शेंडी, रतनवाडी, साम्रदकडे जाणारी काळी-पिवळी जीप ज्याने पाहिली आहे, त्याला टपावर काय काय मावतं हे सांगायला नको. भाताची पोती, कोंबड्यांची डालगी, दुधाचे कॅन, एखादी सायकल आणि या सगळ्यावर मांडी घालून बसलेली चार पोरं. नगरहून डोंगरात जायला लागल्यापासून मी हे दृश्य पाहत आलो, आणि त्यानेच माझा घात केला. जिपेच्या टपावर एवढं राहतं, तर आपल्या गाडीवर चार तंबू आणि दोन दोर राहणार नाहीत का, असं मला वाटलं.

सांदण दरीत उतरायचं ठरलं होतं. आम्ही आठ जण, गाड्या दोन. दुसरी गाडी लहान, म्हणून सामान सगळं माझ्याकडे. नगरातल्या एका दुकानातून मी कॅरिअर आणलं. काळं, चहूबाजूंनी जाळीचं, पुढे वाऱ्यासाठी तिरकी पट्टी. गाडीवर चढवल्यावर ती एकदम मोहिमेवर निघाल्यासारखी दिसू लागली. दुकानदाराने छपरावरच्या दोन चंदेरी पट्ट्यांना चार क्लॅम्प आवळले, हाताने गदगदा हलवून दाखवलं आणि म्हणाला, ‘‘दोन माणसं बसवा वर!’’ मी किंमत कमी करून घेण्यात गुंतलो होतो. त्या चंदेरी पट्ट्या कशाने धरल्यात हे विचारायचं सुचलंही नाही.

डिसेंबरातल्या शनिवारी पहाटे निघालो. राहुरी, कोल्हार, लोणी, तिथून संगमनेर. या पट्ट्यात थंडीत गाडी चालवणाऱ्याला उसाच्या ट्रॉल्यांची सवय असावीच लागते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला आणि मागे लाल दिव्याच्या नावाने बोंब. लोणी सोडल्यावर एका वळणापुढे तशीच जोडी शेताच्या वाटेने अचानक रस्त्यावर आली. वेग साठच्या आसपास होता. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण वरचं कॅरिअर थांबलं नाही.

डोक्यावर खरवडल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ बोनेटवर धप्पकन तंबूची पिशवी, मग पाण्याचा कॅन. कॅरिअरचे पुढचे पाय सुटून अख्खी जाळी काचेवर झुकली होती. काच तडकली, छपराला दोन पोचे आले, एका चंदेरी पट्टीचं टोक तुटून लोंबायला लागलं. माणसाला ओरखडाही नाही. मागे मोटरसायकल असती आणि सामान पुढे न येता मागे गेलं असतं तर, हा विचार रात्री झोपताना आला.

ट्रॅक्टरवाला खाली उतरला. भांडेल असं वाटलं होतं, पण त्याने आधी टपाकडे पाहिलं, तुटलेली पट्टी बोटाने उचलली आणि म्हणाला, ‘‘दादा, वझं कितीबी टाका, पण हे धरलंय कशाला ते बघितलं का?’’ आतून प्लॅस्टिकच्या खुंट्या निघाल्या होत्या. पट्टी शोभेची होती.

जवळच्या दूध संकलन केंद्रावर काटा होता. उत्सुकता म्हणा की पश्चात्ताप, आम्ही एकेक नग त्यावर ठेवला. शंभर-शंभर मीटरचे दोन दोर १४ किलो. चार तंबू १६. झोपायच्या पिशव्या आणि चटया १२. हार्नेस, कॅराबिनर वगैरे लोखंड-ॲल्युमिनियम १५. भांडी आणि स्टोव्ह १२. पाण्याचे दोन कॅन २०. झाले ८९. शेवटी खुद्द कॅरिअर ठेवलं, ते १९ भरलं. एकूण १०८ किलो! गाडीबरोबर आलेलं पुस्तक डॅशबोर्डच्या खणात तीन वर्षं प्लॅस्टिकमध्ये बंद होतं. ते तिथेच उघडलं. छपरावर जास्तीत जास्त ५० किलो, कॅरिअरच्या वजनासह. ज्या गावात लष्कराच्या वाहनांची चाचणी घेणारी संशोधन संस्था आहे, त्या गावचा माणूस मी, आणि माझी ही चाचणी दुधाच्या काट्यावर झाली.

जिपेचं कोडं नंतर उलगडलं. जुन्या जिपांच्या, ओम्नीसारख्या गाड्यांच्या छपराला कडेने पत्र्याची पन्हळ असते. कॅरिअरचे पाय त्या पन्हळीत बसतात, खालून क्लॅम्प आवळतात, आणि सहा-आठ ठिकाणी ओझं वाटलं जातं. आताच्या बहुतेक गाड्यांना ही पन्हळच नाही. कुणाला छपरात बोल्टने बसवलेल्या खऱ्या रेल असतात, कुणाला नुसत्या चिकटवलेल्या, कुणाचं छप्पर साफ कोरं. काळी-पिवळीच्या टपावरची पोरं सुरक्षित असतात असं मुळीच नाही, पण निदान तिथला लोखंडी सांगाडा पत्र्याला धरून असतो. माझा सांगाडा प्लॅस्टिकच्या खुंट्यांना धरून होता.

म्हणून कॅरिअर घ्यायला निघालात तर दुकानाआधी स्वतःच्या गाडीपाशी जा. पुस्तकात छपराची मर्यादा पाहा. मग रेल खऱ्या आहेत की शोभेच्या, आणि खऱ्या असतील तर किती वजन पेलतात, ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा. हलवून कळत नाही, माझ्या हलल्या नव्हत्या. तिसरा आकडा कॅरिअरवर किंवा त्याच्या खोक्यावर असतो. छप्पर, रेल आणि कॅरिअर या तिघांत ज्याचा आकडा सर्वांत कमी, तोच तुमचा आकडा. कॅरिअर दीडशे किलो पेलतं, असं दुकानदार सांगेल. पेलत असेलही, पण त्याच्या खालचं छप्पर पेलणार आहे का? आणि हा आकडा चालत्या गाडीचा आहे ना, तेही बघा. उभ्या गाडीचं छप्पर बरंच जास्त वजन सहन करतं, म्हणून तर छपरावरच्या तंबूत माणसं झोपू शकतात. चालत्या गाडीत खड्डे आणि ब्रेक आले की हिशोब पालटतो. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला की ओझं आपल्या वजनाच्या निम्म्याहून अधिक जोराने पुढे ओढतं. आमच्या १०८ किलोंनी त्या चार क्लॅम्पना सत्तर-पंचाहत्तर किलोंचा हिसका दिला असणार.

स्वीडनची थुले ही कंपनी १९४२ साली मच्छीमारांच्या साहित्यापासून सुरू झाली आणि १९६२ मध्ये स्की वाहण्यासाठी गाडीवरच्या कॅरिअरकडे वळली. तिचा माल महाग, मी काही घेतला नाही. पण त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. दांड्या वेगळ्या, पाय वेगळे, आणि तुमच्या गाडीच्या मॉडेलप्रमाणे पाय छपराला धरणारा संच वेगळा. ‘सगळ्या गाड्यांना बसतं’ असं ज्या खोक्यावर लिहिलंय ते मी आता खाली ठेवतो. मी शेवटी जाळी न घेता नुसत्या दोन आडव्या दांड्या घेतल्या, माझ्या गाडीच्या दाराच्या चौकटीत पकड घेणाऱ्या. वजन पाच किलोंच्या आत, म्हणजे सामानाला पंचेचाळीस उरतात. जाळीने चौदा किलो फुकट खाल्ले होते, दिसण्यापायी.

सामान कुठे काय ठेवायचं यात मात्र दुकानदार मदत करत नाही. जड ते खाली, डिकीत, मागच्या सीटला टेकून. पाणी टपावर ठेवणाऱ्याला काय म्हणावं, ते मी स्वतःलाच म्हणून घेतलंय. वर जायचं ते हलकं आणि फुगीर: चटया, झोपायच्या पिशव्या, तंबू. विठा घाटाच्या वळणांवर वरचं वजन गाडी कशी झुकवतं ते स्टिअरिंगला कळतं. चढाईचे दोर कधीच टपावर नाही. नायलॉनला ऊन लागतं, आणि ज्यावर जीव टांगायचा ती वस्तू उन्हात तापवायची नसते. त्याच दोराने सामान बांधणाऱ्यांनाही मी पाहिलंय. असल्यांबरोबर मी दरीत उतरत नाही.

बांधायला आकड्यांच्या रबरी दोऱ्या नकोत. त्या ताणतात आणि खड्ड्यात सामान उडी मारतं. बकलचे किंवा रॅचेटचे पॉलिस्टरचे पट्टे घ्या. नायलॉन ओला झाला की सैलावतो, आणि आपल्याच जिल्ह्यात नगर शहरात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो तिथे घाटघरला पाच हजारांच्या घरात पडतो, हे विसरू नका. नगरात घट्ट असलेली गाठ भंडारदऱ्यात घट्ट राहीलच असं नाही. पट्ट्याला एक-दोन पीळ द्या म्हणजे वाऱ्यात तो भुणभुणत नाही. पहिल्या पन्नासेक किलोमीटरच्या आत थांबून क्लॅम्प आणि पट्टे तपासा; आमचा थांबा आता राहुरीला असतो, चहा निमित्तमात्र.

सायकल उभी नेणाऱ्यांनी डॅशबोर्डवर उंची लिहून चिकटवावी. गाडी दीड मीटर, वर सायकल मीटरभर, आणि रेल्वेच्या भुयारी रस्त्याची आडवी कमान कुणाची गय करत नाही. सामान मागे किंवा बाजूला बाहेर येऊ देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ पासून अशा बाहेर आलेल्या मालाला वीस हजारांचा दंड आहे. छपराला भोकं पाडून कॅरिअर बसवण्याच्या फंदात तर पडूच नका; पावसाळ्यात पाणी आत येतं ते वेगळंच, पण कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. आणि काम झालं की दांड्या काढून ठेवा. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीवरून शंभरवर गेलात की वाऱ्याचा जोर दीडपट होतो, आणि तो डिझेलमध्ये भरावा लागतो.

त्या दिवशी सांदण झाली नाही. पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा साम्रदमध्ये ज्यांच्या अंगणात गाडी लावली, त्या मावशींनी विचारलं, ‘‘भांडी कशाला आणली एवढी? आमच्याकडं भाकरी मिळती की.’’ तंबूही गावात भाड्याने मिळत होते. स्टोव्ह, भांडी, दोन तंबू आणि एक कॅन तेव्हापासून घरीच राहतात. दहापैकी सात खेपांना दांड्या लावायची गरजच पडत नाही. ती काळी जाळी गच्चीवर आहे, आईने तिच्यात कोरफडीच्या कुंड्या ठेवल्यात.