डॉक्युमेंटेशनची जागा



मुक्तस्रोत प्रकल्पाचे, म्हणजे ज्याचा कोड कोणासही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येतो अशा सॉफ्टवेअरचे, डॉक्युमेंटेशन कशावर उभारावे ही चर्चा बहुधा पान कसे दिसेल येथून सुरू होते आणि मजकूर जुना झाल्यावर तो दुरुस्त कोण करणार हे विचारायचे राहून जाते. निवड करणाऱ्याने हाच प्रश्न आधी विचारावा.

गिटहबवरील विकी सुरू करण्यास एक क्लिक पुरते. परंतु तिचा मजकूर कोडहून वेगळ्या रिपॉझिटरीत, म्हणजे फायलींच्या साठ्यात, राहतो आणि तिच्यासाठी पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल तपासून सामावून घेण्याची विनंती, करता येत नाही, त्यामुळे कोडमध्ये एखाद्या पर्यायाचे नाव बदलले तरी विकीत जुनेच नांदत राहते. मजकूर साध्या फायलींत, कोडशेजारच्या फोल्डरमध्ये असला, तर तपासणाऱ्यास कोडच्या बदललेल्या ओळीबरोबरच माहितीपानातील लाल रंगात वगळलेली आणि हिरव्या रंगात घातलेली ओळ दिसते. ती जोडी पुरी नसेल तर त्याने बदल रोखून धरावा.

ही शिस्त पाळणाऱ्या साधनांत स्फिंक्सचा मान मोठा आहे. पायथॉन भाषेचे डॉक्युमेंटेशन पूर्वी लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिहिले जाई. ते सोडता यावे म्हणून गेऑर्ग ब्रांडल यांनी स्फिंक्स घडवले, ते २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१६ पासून लिनक्स कर्नलही त्याकडे वळले. त्याची मूळ लेखनपद्धती, रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट, काहीशी हट्टी आहे, एक रिकामी ओळ सोडायची राहिली तरी यादीचा परिच्छेद होतो. पण पानांतील उदाहरणे खरोखर चालवून पाहण्याची आणि तुटलेले दुवे शोधण्याची सोय त्यात आहे. शिवाय भाषांतरासाठी मजकुराचे तुकडे करून ते पीओ फायलींत काढता येतात, आणि मूळ तुकडा बदलला की त्याच्या भाषांतरावर फेरतपासणीची खूण होते, हे मराठी आवृत्तीची इच्छा असणाऱ्यास विशेष मोलाचे आहे.

लहान प्रकल्पास मार्कडाउन या सोप्या लेखनपद्धतीवर चालणारे एमकेडॉक्स पुरेसे होते. डॉक्युसॉरस हे साधन देखणे खरे, परंतु त्यात प्रत्येक आवृत्तीसाठी सबंध मजकुराची प्रत ठेवली जाते, आणि दहा आवृत्त्यांनंतर एक चूक दहा ठिकाणी सुधारावी लागते.

पाने प्रसिद्ध करण्यासाठी २०१० मध्ये सुरू झालेले रीड द डॉक्स मुक्तस्रोत प्रकल्पांकडून पैसे घेत नाही, त्याबदल्यात पानांवर जाहिरात असते. सेवा कोणतीही घेतली तरी पत्ता प्रकल्पाच्या स्वतःच्या डोमेनवर असावा, म्हणजे बिऱ्हाड बदलले तरी वाचकांचे जुने दुवे जपता येतात.

निवड करणाऱ्याने तूर्त साधन बाजूस ठेवून इन्स्टॉलेशनचे एकच पान साध्या फाइलीत लिहावे आणि प्रकल्प कधीही न पाहिलेल्या एखाद्यास कोऱ्या संगणकासमोर बसवून, मध्ये न बोलता, ते पाळावयास सांगावे. तो जेथे अडेल ती ओळ आधी बदलावी.