अडथळ्यांची शर्यत : उंची, वजन आणि जिद्द

शालेय क्रीडास्पर्धांसाठी मुलांची निवड करण्याची वेळ आली, की बहुतेक ठिकाणी मुले एका रांगेत उभी केली जातात आणि त्यांतील उंच व दणकट दिसणाऱ्यांना प्रथम पुढे बोलावले जाते. अडथळ्यांच्या शर्यतीबाबत तर ही रीत अगदी स्वाभाविक वाटते. अडथळा ओलांडायचा तर पाय लांब हवेत, असा साधा हिशेब त्यामागे असतो. तो कितपत खरा आहे, हे तपासण्यास ३००० मीटर स्टीपलचेस ही शर्यत उत्तम होय. शिवाय या शर्यतीत भारताला मानाचे स्थान मिळवून देणारे दोन खेळाडू महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतून आलेले असल्याने हा विषय आपल्याला परका नाही.

या शर्यतीत धावपटूस अठ्ठावीस वेळा अडथळा आणि सात वेळा पाण्याचा खड्डा, असे एकूण पस्तीस अडथळे ओलांडावे लागतात. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, तर स्त्रियांसाठी ७६.२ सेंटिमीटर असते. कमी अंतराच्या अडथळा शर्यतींतील अडथळे पाय लागताच पडतात. येथील अडथळा मात्र ८० ते १०० किलो वजनाचा असतो आणि तो जागचा हलत नाही. पाय अडकला तर पडायचे ते धावपटूनेच. अडथळ्यावर पाय ठेवून पुढे जाण्यास नियमांची आडकाठी नाही, आणि पाण्याच्या खड्ड्यापाशी बहुतेक जण तसेच करतात. ३.६६ मीटर लांबीचा हा खड्डा अडथळ्यालगत सर्वांत खोल असतो व पुढे उथळ होत जातो. त्यामुळे जो दूर झेपावेल, त्याचे पाय कमी पाण्यात पडतात. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये केनियाचे आमोस बिवॉट अडथळ्यावर पाय न टेकता संपूर्ण खड्डाच ओलांडून जात. पाहणाऱ्यांना त्यांची ती पद्धत विचित्र वाटली, परंतु सुवर्णपदक त्यांनाच मिळाले.

आता उंचीचा हिशेब पाहू. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य ढोबळमानाने त्याच्या उंचीच्या ५५ टक्क्यांवर असतो. १८५ सेंटिमीटर उंचीच्या धावपटूचा गुरुत्वमध्य सुमारे १०२ सेंटिमीटरवर, तर १६५ सेंटिमीटर उंचीच्या धावपटूचा ९१ सेंटिमीटरच्या आसपास येईल. म्हणजेच पुरुषांचा अडथळा ओलांडताना ठेंगण्या धावपटूस आपले शरीर दर वेळी दहा-अकरा सेंटिमीटर अधिक उचलावे लागेल. पस्तीस अडथळ्यांची बेरीज साडेतीन मीटरांहून अधिक, म्हणजे एका मजल्याइतकी होते. उंच धावपटूचा हा फायदा खरा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही.

पण शर्यत केवळ अडथळ्यांची नाही. तीन हजार मीटर धावताना दीड हजारांहून अधिक पावले पडतात आणि प्रत्येक पावलागणिक शरीर काही सेंटिमीटर वर उचलले जाते. पावलामागे पाचच सेंटिमीटर धरले, तरी बेरीज पंचाहत्तर मीटरांवर जाते. अडथळ्यांवर वाचलेला एक मजला येथे फारसा पुरत नाही. अंगावरचा प्रत्येक अनावश्यक किलो या दीड हजार पावलांत वाहून न्यावा लागतो. त्यातच मोठ्या देहात उष्णता अधिक निर्माण होते आणि वजनाच्या मानाने ती बाहेर टाकणारी त्वचा कमी पडते. म्हणून या शर्यतीच्या विजेत्यांमध्ये उंचीची विविधता दिसते, परंतु स्थूल मनुष्य दिसत नाही. २००४ व २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणारे केनियाचे एझेकिएल केम्बोई मध्यम उंचीचे व सडपातळ आहेत. टोकियो (२०२१) आणि पॅरिस (२०२४) येथील ऑलिंपिक विजेते मोरोक्कोचे सुफियान अल बक्काली हे मात्र सहा फुटांहून उंच आहेत.

उंची माणसाच्या हाती नाही. वजन बऱ्याच अंशी आहे, आणि कौशल्य तर पूर्णपणे सरावावर अवलंबून आहे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा येथील अविनाश साबळे यांची वाटचाल या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. शेतकरी कुटुंबातील हा मुलगा सुमारे सहा किलोमीटरवरील शाळेत पायी वा धावत जाई. बारावीनंतर ते सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. स्पर्धात्मक धावण्याकडे ते वळले ते वयाची विशी ओलांडल्यावर. त्या काळात त्यांना सुमारे वीस किलो वजन उतरवावे लागले. स्टीपलचेस त्यांनी त्याहीनंतर हाती घेतली. १९८१ मध्ये गोपाल सैनी यांनी नोंदविलेला ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम सदतीस वर्षे अबाधित होता. साबळे यांनी २०१८ मध्ये ८ मिनिटे २९.८० सेकंदांत तो मोडला. पुढे २०२४ मध्ये पॅरिस येथे त्यांनी ८ मिनिटे ९.९१ सेकंद अशी वेळ दिली. सहा वर्षांत जवळजवळ वीस सेकंदांची ही प्रगती झाली. या काळात त्यांची उंची काही वाढली नव्हती.

१९९८ पासून प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाकडे जात. २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथे साबळे यांनी रौप्यपदक मिळवून ही परंपरा खंडित केली. सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. टोकियो ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीतच बाद झालेला हा धावपटू एका वर्षाने तेथवर पोहोचला, ही गोष्ट आम्हास पदकापेक्षा महत्त्वाची वाटते.

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावच्या ललिता बाबर यांची कथाही अशीच आहे. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षे अव्वल ठरल्यानंतर त्या या तुलनेने लहान शर्यतीकडे वळल्या. २०१४ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांना कांस्यपदक मिळाले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून त्यांनी दहावा क्रमांक मिळविला. त्याच स्पर्धेत इथिओपियाच्या एतेनेश दिरो प्राथमिक फेरीत गर्दीत पडल्या, त्यांचा एक बूट निकामी झाला, आणि उरलेले अंतर त्यांनी एक पाय अनवाणी ठेवून पूर्ण केले. पुढे दाद मागितल्यावर त्यांना अंतिम फेरीत स्थान देण्यात आले. जिद्द म्हटली की असे प्रसंग डोळ्यांसमोर येतात. परंतु दमलेल्या पायांनी सहाव्या फेरीतही अडथळ्याआधी पावले न आखडता वेग राखणे, डाव्या व उजव्या दोन्ही पायांनी उडी घेण्याचा कंटाळवाणा सराव वर्षानुवर्षे करणे, ही जिद्द कोणाच्या नजरेस पडत नाही. शर्यतीचा निकाल मात्र बहुधा तीच ठरविते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. वजन कमी असावे याचा अर्थ मुलांना उपाशी ठेवावे असा नव्हे. वाढीच्या वयात, विशेषतः मुलींच्या बाबतीत, व्यायामाच्या मानाने आहार अपुरा पडला तर मासिक पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात आणि सराव दुखापतीत संपतो. वीस किलो उतरविणारा जवान प्रौढ होता. ते उदाहरण तेरा वर्षांच्या मुलीस लावणे घातक ठरेल. जिद्दीलाही शरीराची मर्यादा असते. २०२५ च्या जुलैमध्ये मोनॅको येथे पाण्याच्या खड्ड्यापाशी पडून साबळे यांच्या गुडघ्यास गंभीर दुखापत झाली, ती इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर.

बारा-तेराव्या वर्षी एकाच वर्गातील दोन मुलांच्या उंचीत वीतभर फरक असू शकतो. पण तो अनेकदा केवळ वयात येण्याच्या वेळेतील फरक असतो, आणि तीन-चार वर्षांत नाहीसाही होतो. रांगेतून मागे पाठविलेला मुलगा मात्र पुन्हा मैदानावर येतोच असे नाही. तेव्हा निवड एका दिवसात न उरकता दोन-तीन महिने सर्वांनाच धावू द्यावे, आणि कोण नियमाने येतो व कोणाची वेळ सुधारते याची नोंद वहीत ठेवावी. सरावासाठी महागडे साहित्य लागत नाही. विटांच्या दोन थरांवर आडवा, न बांधलेला बांबू ठेवला, की धक्का लागताच पडणारा अडथळा तयार होतो. प्रारंभी त्याची उंची गुडघ्याहून कमी असावी. पाण्याच्या खड्ड्याऐवजी लांब उडीचा वाळूचा हौद वापरावा. ग्रामपंचायतीने तो वर्षातून दोनदा खणून त्यातील काच-खडे वेचून घेतले, तरी शिक्षकांचे निम्मे काम हलके होईल. पक्क्या भिंतीवरून किंवा कट्ट्यावरून मुलांना उड्या मारावयास लावू नये.